वणव्यावर विमानातून टाकतात ते लाल-गुलाबी केमिकल: नागपूरकरांना पडणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला आग लागली आणि विमानातून गुलाबी ढग सोडल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले, तेव्हापासून लोक विचारून राहिले की हे काय असतं आणि आपल्याकडे काहून नाही. त्यात फेब्रुवारी संपला की पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, मेळघाट सगळीकडून वणव्याच्या बातम्या सुरू होतात. आम्ही काही जण उन्हाळ्यात जंगलालगतच्या गावांत वणव्याबद्दल बोलायला जातो, तिथे आणि शहरातही हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

विमानातून पडतं ते नेमकं आहे काय?

त्याला फायर रिटार्डंट म्हणतात, म्हणजे आगीचा वेग कमी करणारं मिश्रण. यात साधारण ८५ टक्के पाणी, १० टक्क्यांच्या आसपास अमोनियम फॉस्फेटचे क्षार, आणि उरलेल्या ५ टक्क्यांत दाटपणा आणणारा पदार्थ, रंग, आणि विमानाच्या टाकीला गंज लागू नये म्हणून टाकलेली औषधं. अमेरिकेत सगळ्यात जास्त चालतो तो ब्रँड फॉस-चेक, आता तो पेरिमीटर सोल्युशन्स नावाची कंपनी बनवते.

शेतकरी भावांना हे लगेच कळतं कारण अमोनियम फॉस्फेट म्हणजे आपल्या डीएपी खताच्या घरातलंच. सोयाबीन पेरताना १८:४६ ची बॅग आणता ना, किंवा संत्र्याला ड्रीपमधून १२:६१:०० सोडता, तेच रसायन. आणि शहरातल्या मंडळींनी अपार्टमेंटच्या जिन्यात लटकवलेलं लाल सिलेंडर बघावं, त्यावर एबीसी लिहिलेलं असेल तर आतल्या पावडरीतला मुख्य पदार्थ मोनो अमोनियम फॉस्फेटच असतो. दाटपणासाठी बऱ्याच मिश्रणांत ग्वार गम वापरतात, तो गवारीच्या बियांपासून निघतो आणि जगातली बहुतेक गवार आपल्या देशात, त्यातही राजस्थानात पिकते. तर जे परदेशी वाटतं त्यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे.

खत टाकून आग कशी थांबते? खताने तर गवत वाढतं!

गवत वाढतं हेही खरं आहे, त्यावर खाली वेगळं लिहिलंय. आधी आगीचं बघू.

लाकूड किंवा वाळलेलं पान जळतं तेव्हा लाकूड थेट पेट घेत नाही. उष्णतेने त्यातलं सेल्युलोज तुटतं, त्यातून जळाऊ वायू निघतात आणि हवेत ते वायू पेटतात, आपण जी ज्वाळा बघतो ती या वायूंची. आता त्या पानावर अमोनियम फॉस्फेटचा थर बसलेला असेल तर तापल्यावर आधी त्यातून अमोनिया उडून जातो आणि फॉस्फोरिक आम्ल मागे राहतं. हे आम्ल सेल्युलोजमधलं पाणी खेचून काढतं, तेही कमी तापमानालाच, म्हणजे जळाऊ वायू बनायच्या आधीच. मग पानाचा काळा कोळसा आणि वाफ होते, ज्वाळेला लागणारा वायू फारसा तयारच होत नाही. पान काळं पडतं, धुमसतं, पण आग पुढच्या पानाला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही.

मग साधं पाणी का नाही टाकत, स्वस्त पडेल ना?

टाकतात की, पाणीच सगळ्यात जास्त टाकतात. पण पाण्याचं काम ओलं असेपर्यंतच. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता विदर्भात पानावर टाकलेलं पाणी किती वेळ टिकतं ते सांगायची गरज नाही. रिटार्डंटमधलं पाणी उडून गेलं तरी क्षार पानाला चिकटून राहतो आणि सुकल्यावरही काम करतो, जोराच्या पावसाने धुवून जाईपर्यंत. म्हणून त्याला लाँग टर्म रिटार्डंट म्हणतात. फोम आणि जेल पाण्यापेक्षा थोडे जास्त टिकतात पण तेही ओलाव्याच्याच भरवशावर, त्यामुळे ते शॉर्ट टर्ममध्ये मोडतात. पाणी आगीवर, रिटार्डंट आगीच्या पुढे, असं साधारण डोक्यात ठेवा.

आगीच्या पुढे म्हणजे? व्हिडिओत तर आगीवरच टाकताना दिसतं.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे म्हणून जरा लांबण लावतो.

रिटार्डंटने वणवा विझत नाही. विमानवाले आग जिकडे सरकून राहिली तिकडे, तिच्या पुढे किंवा बाजूने, न जळलेल्या झाडझुडपांवर लांब पट्टा मारतात. आग त्या पट्ट्याला आली की तिचा वेग आणि ज्वाळेची उंची कमी होते. तेवढ्या वेळात जमिनीवरची माणसं तिथे पोचतात, पालापाचोळा खरवडून मातीचा पट्टा मोकळा करतात, आणि आग खरी थांबते ती तिथे. ज्वाळा साधारण सव्वा मीटरपेक्षा उंच झाली की हातात अवजारं घेतलेल्या माणसांना तोंडासमोर जाऊन लढता येत नाही, उष्णताच सहन होत नाही. रिटार्डंटने ती ज्वाळा खाली आली की माणूस जवळ जाऊ शकतो, एवढाच आणि एवढा मोठा फायदा. पण मागून माणसं आलीच नाहीत तर आग पट्ट्याच्या टोकाला वळसा घालते, पट्ट्यात कुठे फट राहिली तर त्यातून निघते, किंवा ठिणग्या उडून पलीकडे पडतात. विमान वेळ मिळवून देतं, आणि तो वेळ वापरायला खाली कोणी नसेल तर लाखोंचा माल वाया जातो.

रंग लालच का?

पायलटला वरून दिसावं म्हणून, आधीचा पट्टा कुठे संपला आणि आता कुठून सुरू करायचा हे कळलं पाहिजे. बहुतेक वेळा आयर्न ऑक्साइड असतं, आपल्या गेरूत असतं तेच. काही प्रकारांत उन्हाने काही दिवसांत फिका पडणारा रंग टाकतात.

विमानं केवढी असतात?

छोट्यात छोटं म्हणजे एअर ट्रॅक्टर ८०२, एका इंजिनचं, शेतात फवारणी करतात त्या जातीचं, ते साधारण ३ हजार लिटर नेतं. सी-१३० या मोठ्या मालवाहू विमानात टाकी बसवली की ११ हजारांच्या आसपास. डीसी-१०, म्हणजे एकेकाळचं प्रवासी जंबो, ते साधारण ३५ हजार लिटर. बोइंग ७४७ चंही एक टँकर होतं, ७० हजारांवर लिटरचं, पण ते २०२१ मध्ये या कामातून बाहेर पडलं. युरोपात जे पिवळं-लाल कॅनडेअर दिसतं ते तलावाच्या पृष्ठभागावरून सरकत १२ सेकंदांत ६ हजार लिटर पाणी उचलतं, पण ते मुख्यतः पाण्यासाठी, रिटार्डंटचं गणित वेगळं.

रिटार्डंटच्या विमानाला प्रत्येक खेपेला तळावर परत यावं लागतं. तिथे मिश्रण बनवायचा प्लांट, टाक्या, पंप, लांब धावपट्टी सगळं तयार पाहिजे. लोक फक्त विमान बघतात, हा सगळा पसारा दिसत नाही.

किती उंचीवरून टाकतात? वारा असला तर?

झाडांच्या शेंड्यांपासून साधारण ५०-६० मीटरवरून. मोठ्या टँकरच्या पुढे एक लहान विमान रस्ता दाखवत जातं, कुठून शिरायचं, कुठे सोडायचं, कुठून बाहेर निघायचं. फार खालून सोडलं तर माल एकाच जागी आदळतो, त्या माराने झाडं मोडतात आणि खाली माणूस असला तर जीवावर बेततं, आणि फार वरून सोडलं तर हवेतच पांगतं. म्हणून तर ते पातळ पिठल्याइतकं दाट ठेवतात, एकसंध खाली यावं आणि पानाला धरून राहावं यासाठी.

वारा जोराचा असला की सगळं बसतं. लॉस एंजेलिसमध्ये ७ जानेवारी २०२५ ला आग सर्वात भडकलेली होती तेव्हाच वाऱ्यामुळे विमानं खाली उतरवावी लागली होती. धूर दाट असला, डोंगर-दरी असली तरी अडचण. हे काम फार जोखमीचं आहे, २३ जानेवारी २०२० ला ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये वणव्यावर गेलेलं सी-१३० पडलं आणि त्यातले तिघंही अमेरिकन कर्मचारी गेले. ते व्हिडिओ बघताना आत माणसं बसलेली आहेत हे विसरू नका.

हे कधीपासून चालू आहे?

१९५५ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या विलोज गावच्या एका फवारणीच्या विमानात टाकी बसवून वणव्यावर पाणी टाकलं गेलं, तिथून सुरुवात धरतात. लगेच पुढच्या वर्षांत बोरेटचा गाळ टाकायला लागले, तो आग चांगली धरायचा पण त्या जमिनीत नंतर काही उगवेना, म्हणून सोडून दिला. बेंटोनाइट मातीही वापरून झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोन्सँटो कंपनीने फॉस-चेक आणलं आणि तेव्हापासून फॉस्फेटच मुख्य राहिलं. मधे मॅग्नेशियम क्लोराइडचा एक प्रकार आला होता पण विमानांना गंज लागताना दिसला आणि तो मागे पडला.

अंगावर पडलं तर विषारी आहे का?

तळहातावर लागलं, कपड्यावर उडालं तर घाबरायचं कारण नाही. डोळ्यात गेलं तर जळजळ होते, कातडी कोरडी पडते, खाज येते, जखमेवर झोंबतं. साबण-पाण्याने धुवायचं, डोळे भरपूर पाण्याने. जमिनीवर पडलेलं फार घसरडं असतं, उतारावर चालणाऱ्याचा पाय जातो. गाई-बकऱ्यांना आणि कुत्र्यांना साचलेलं चाटू द्यायचं नाही, शेवटी खताचं पाणी आहे ते, आणि खताचं पाणी पिऊन जनावराला विषबाधा होते हे गावात कोणालाही माहिती आहे.

तिकडे नातेवाईक राहतात, त्यांच्या घरावर-गाडीवर पडलंय, काय करावं?

सुकायच्या आत पाण्याने धुवा, सुकलं की रंग धरून बसतो. भिंतीला ब्रश लागेल. धुतलेलं पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडू नका, मातीत जिरू द्या. झाडावरच्या फळ-भाज्यांवर पडलं असेल तर फार चांगलं धुवूनच खा, आणि पालेभाजीवर लाल थर बसलेला असेल तर सरळ टाकून द्या, एका जुडीसाठी काय तो विचार करायचा.

मासे मरतात म्हणतात, खरं का?

खरं आहे. पाण्यात गेलं की अमोनिया सुटतो आणि थोडासा अमोनियाही मासे मरायला पुरतो. अमेरिकेत चुकून ओढ्यात माल पडून हजारो मासे मेल्याचं झालेलं आहे. म्हणून तिथल्या वनखात्याचा नियम आहे की पाण्यापासून दोन्ही बाजूंनी साधारण ९० मीटर सोडून टाकायचं, माणसाच्या जीवाचा प्रश्न असेल तेव्हाच सूट. पण विमान ते विमानच, चुका होतात. त्यावरून पर्यावरणाचा मुद्दा लावून धरणारी वनकर्मचाऱ्यांची एक संघटना कोर्टात गेली आणि मे २०२३ मध्ये मॉन्टानाच्या फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की परवान्याशिवाय नदी-नाल्यात रिटार्डंट पडू देणं हा स्वच्छ पाण्याच्या कायद्याचा भंग आहे, परवाना घ्या. वापर मात्र थांबवला नाही, कारण त्याने गावं जळाली असती. मला हा निकाल समजूतदार वाटतो.

त्यात जड धातू आणि सायनाइड असतं असं वाचलं.

सायनाइडची गोष्ट जुनी. पूर्वी काही मिश्रणांत गंज रोखायला सोडियम फेरोसायनाइड टाकायचे, उन्हात त्यातून सायनाइड सुटतं हे लक्षात आल्यावर ते बंद केलं. धातूंची गोष्ट ताजी आहे. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये बाजारातून मिळतात ती मिश्रणं तपासली आणि त्यात क्रोमियम, कॅडमियम, व्हॅनेडियम असे धातू सापडले. फॉस्फेटचा खडकच जमिनीतून कॅडमियम घेऊन येतो, खतातही तो थोडाफार असतो. तर ‘फक्त खत आणि पाणी’ असं म्हणून विषय झटकता येत नाही, आणि ‘विष टाकून राहिले’ असं ओरडणंही बरोबर नाही. जळालेल्या घरांची राख, त्यातलं प्लास्टिक, वायरी, बॅटऱ्या, तेही पावसाने नदीतच जातं. पेटलेल्या गावासमोर उभा असलेला अधिकारी या दोन नुकसानांमधून एक निवडत असतो.

जमिनीला खत मिळालं तर जंगल उलट हिरवंगार होईल ना?

हिशोब करून बघा. मध्यम दाट झुडपांवर साधारण दर चौरस मीटरला दीड-पावणेदोन लिटर मारतात. त्यातला दहावा भाग क्षार धरला तर चौरस मीटरला १६०-१७० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी दीड टनापेक्षा जास्त. आपण सोयाबीनला एकरी एक बॅग डीएपी टाकतो, ते हेक्टरी सव्वाशे किलो झालं. दहापटीच्या वर! एवढं खत पडल्यावर कोवळी रोपं पहिल्या झटक्यात करपतात, आणि पावसाळ्यात जे जोमाने उठतं ते साग-तेंदू नसतं, खतावर हावऱ्यासारखं वाढणारं तण असतं. आपल्या जंगलात रायमुनिया (घाणेरी) आधीच सगळीकडे शिरलेली आहे, तिला असं खाऊ घालणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या वणव्याची तयारी.

भारतात विमानातून रिटार्डंट टाकतात का?

आपल्याकडे हवेतून जे होतं ते मुख्यतः पाणी, तेही हेलिकॉप्टरला लटकवलेल्या बांबी बकेटने. वायुसेनेचं एमआय-१७ तलावावर येतं, खाली लोंबणारी बादली पाण्यात बुडवतं, साडेतीन ते पाच हजार लिटर उचलतं आणि आगीवर नेऊन सोडतं. उत्तराखंडात २०१६ मध्ये, मग २०२१ मध्ये, आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालजवळ भीमताल तलावातून पाणी नेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूर, २०२०-२१ च्या सुरुवातीला नागालँड-मणिपूरच्या सीमेवरची झुकू व्हॅली, मार्च २०२२ मध्ये सरिस्का, तिथे सिलीसेढ तलावातून पाणी उचललं, आणि मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या म्हादई भागात. त्यात नौदलही होतं.

मग पेंच-ताडोबात रिटार्डंट काहून आणत नाही? वाघांचं जंगल आहे, पैसा काय मोठा!

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला कळतो, जळालेलं जंगल बघून कोणालाही वाटतं की काहीतरी मोठं करा. पण मी स्वतः याच्या विरोधात आहे.

एक तर आग वेगळी आहे. कॅलिफोर्नियाची आग तेलकट झुडपांतून आणि झाडांच्या शेंड्यांतून पळते, ज्वाळा दोन-तीन मजली. आपल्या सागाच्या, शुष्क पानगळीच्या जंगलात आग जमिनीवरून चालते. मार्चमध्ये साग उघडा पडलेला असतो, खाली ताटाएवढी पानं एकावर एक साचलेली, पाय टाकला की कर्रकर्र वाजणारी, तीच जळतात. ज्वाळा गुडघ्यापासून कमरेपर्यंत, बांबूच्या रांजीत शिरली तर मात्र उंच जाते आणि फटाके फुटल्यागत आवाज येतात. अशा आगीला पाठीवर ब्लोअर घेतलेली चार-पाच फायर वॉचर मुलं, म्हणजे वणव्यासाठी वनखात्याने ठेवलेली माणसं, तोडू शकतात. एक जण पुढे पानं उडवत पट्टा मोकळा करतो, मागचे काठीने आणि ओल्या फांद्यांनी कडा मारत येतात, शेवटचा माणूस धुमसणारे ओंडके आत ढकलत येतो. हे मी बघितलंय, ४३ डिग्रीत, तोंडाला ओला दुपट्टा बांधून, भुवया करपलेल्या.

दुसरं, आपल्याकडे एकच मोठी आग कमी वेळा असते, एकाच दिवशी पंचवीस ठिकाणी छोट्या आगी असतात, कारण त्या माणसांनी लावलेल्या असतात. पंचवीस जागी विमान फिरवणार का?

तिसरं म्हणजे पाणी. पेंचच्या जंगलातलं पाणी तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांत येतं आणि तेच नागपूर पितं. उन्हाळ्यात जंगलातले पाणवठे तर प्राण्यांसाठी शेवटचा आधार, एका पाणवठ्यात चुकून ही खेप पडली तर त्या परिसरातल्या सगळ्या जनावरांचं काय? फॉस्फरस वाढला की पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते, अंबाझरी तलावावर जलपर्णी बघितलीच आहे आपण.

एवढा पैसा असेल तर फायर वॉचरना वेळेवर मजुरी, चांगले बूट, पुरेसे ब्लोअर, प्यायला पाणी आणि विमा द्या. त्यांना हंगामापुरतं ठेवतात आणि पावसाळ्यात विसरतात.

वायुसेनेचं मेंटेनन्स कमांड नागपुरातच आहे, सोनेगाववरून हेलिकॉप्टर का उडत नाही?

त्या कमांडचं काम विमानांची देखभाल-दुरुस्ती बघणं आहे. आग हाताबाहेर गेली की राज्य सरकार मागणी करतं आणि मग वायुसेना जिथून सोयीचं असेल तिथून हेलिकॉप्टर पाठवते.

शेताच्या धुऱ्यावर डीएपी पाण्यात मिसळून फवारलं तर आग जंगलात जाणार नाही ना?

रसायन म्हणून चालेल, व्यवहार म्हणून नाही. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद पट्टा धरा, ३०० चौरस मीटर. चौरस मीटरला १६० ग्रॅमने ४८ किलो, म्हणजे जवळपास पूर्ण एक बॅग, १३५० रुपये, आणि वर पाचशे लिटर पाणी वाहायचं. एका पावसात ते सगळं नाल्यात. शिवाय दुकानातलं डीएपी पाण्यात नीट विरघळत नाही, पंपाचा नोझल चोंदतो. त्यापेक्षा तोच पट्टा वखराने उलटवून काळी माती वर आणली की आगीला खायला काही राहत नाही, एका सकाळचं काम आहे.

आणि मूळात धुरे जाळूच नका. पऱ्हाटी, काडीकचरा रोटाव्हेटरने मातीत घाला. जाळायचंच असेल तर वारा पडलेला असताना सकाळी लवकर, चार माणसं आणि पाणी घेऊन, आणि पूर्ण विझल्याशिवाय घरी जायचं नाही. ‘थोडं धुमसून राहिलं, विझेल आपोआप’ म्हणून जेवायला गेलेल्या माणसाची आग दुपारच्या वाऱ्याने जंगलात गेलेली असते.

बिल्डिंगमधलं फायर एक्स्टिंग्विशर वणव्यावर चालेल का?

रस्त्याकडेला गवताने नुकताच पेट घेतलाय, चार-पाच फुटांची आग आहे, तर गाडीतलं सिलेंडर नक्की वापरा. त्यापलीकडे नाही. ते जास्तीत जास्त पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं, आणि मग तुम्ही रिकामं सिलेंडर घेऊन आगीसमोर उभे असता.

फोमवाल्या ‘फॉरएव्हर केमिकल’ची भानगड यातही आहे का?

फॉरएव्हर केमिकल म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं न मोडणारी पीएफएएस रसायनं. ती असतात एएफएफएफ फोममध्ये, पेट्रोल-डिझेलच्या आगीसाठी विमानतळांवर आणि रिफायनरीत वापरतात त्यात. वणव्याचं फॉस्फेट रिटार्डंट वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका.

वणवा लागला हे वनखात्याला कसं कळतं?

उपग्रहावरून. डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था मोडिस आणि व्हिअर्स या सेन्सरच्या माहितीवरून गरम ठिपके काढते आणि बीटपर्यंतच्या (वनरक्षकाच्या हद्दीपर्यंतच्या) कर्मचाऱ्यांना मोबाईलवर मेसेज जातो. व्हिअर्सचा एक ठिपका ३७५ मीटरचा, त्यामुळे अगदी छोटी आग निसटू शकते, शिवाय दिसते ती उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच. म्हणून मचाणावरचा माणूस आणि गावातला फोन अजूनही उपग्रहाच्या आधी खबर देतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात, तो सुरू व्हायच्या आधी जाळरेषा तयार व्हायला पाहिजेत. जाळरेषा म्हणजे आधीच जाळून-साफ करून ठेवलेला पट्टा. रिटार्डंटचं जे काम तेच जाळरेषेचं काम, फक्त ते डिसेंबर-जानेवारीत थंड डोक्याने, केमिकलशिवाय होतं.

मोहफूल वेचणारेच आग लावतात ना?

काही आगी तशा लागतात हे खरं. मोहाखाली पाला साचला की पिवळी फुलं दिसत नाहीत, म्हणून बाया-माणसं झाडाखालचा पाला जाळतात आणि आग निसटते. तेंदूला कोवळी पानं फुटावी म्हणूनही जाळतात. पण बिडी-सिगारेट फेकणारे, जंगलात पार्टी करून चूल तशीच टाकून जाणारे शहरातलेच असतात, त्यांचं नाव कोणी घेत नाही. मोहफुलावर ज्या घराचं चार महिन्यांचं तेल-मीठ चालतं त्यांना गुन्हेगार ठरवून काही होणार नाही. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या की फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, भावही बरा येतो, आणि हे एकदा पटलं की बाया स्वतःहून करतात. तेंदूची झुडपं छाटली तरी पालवी फुटते, जाळावं लागत नाही. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, ते तर आहेच, पण गुन्हा नोंदवायला येणारा माणूस आग लागल्यावर येतो.

आग विझवणं शिकायचं असेल तर नागपुरात काही आहे का?

नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आपल्याच शहरात आहे, १९५७ पासून, देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकून जातात. ज्या पोरांना या क्षेत्रात करिअर करायचंय त्यांनी त्यांचे कोर्स नक्की बघावे. नुसतं वणव्याच्या वेळी मदत करायची असेल तर जवळच्या रेंज ऑफिसला जानेवारीतच भेटा. आग लागल्यावर उत्साहाने धावत येणाऱ्या शिकाऊ माणसांची कर्मचाऱ्यांना आधी काळजीच घ्यावी लागते.

जंगलाच्या रस्त्याने जाताना वणवा दिसला तर काय करायचं?

वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६ लावा, नाही लागला तर ११२. जागा नीट सांगा: रस्त्याचा किलोमीटरचा दगड, जवळचं गाव, आग रस्त्याच्या कोणत्या बाजूला, धूर कुठे वाहून राहिला. मोबाईलवरून लोकेशन पाठवता आलं तर उत्तम. गाडी धुरात घालू नका, उतारावर आगीच्या वरच्या बाजूला उभे राहू नका कारण आग चढावर जोरात पळते. बाजूला जळून काळी झालेली जमीन असेल तर तीच सुरक्षित. रस्त्यावर हरणं, रानडुकरं अचानक येतात, हॉर्न न वाजवता गाडी हळू करा आणि त्यांना जाऊ द्या. मोबाईलवर शूटिंग फोन लागल्यानंतर, आधी नाही.